वेदरिलसाहेबांचं आठ मेचं भाषण

१

विन्सडेलच्या खाणकामगारांच्या वाचनालयात संसदेच्या वादविवादांचा नवा खंड आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस. त्याआधी तीन आठवडे कोल्डहेश खाणीत वायूचा भडका उडून एकोणीस माणसं मेली होती. खाली उघडे दिवे होते. ज्योत वायूपर्यंत पोचू न देणारे जाळीचे असते तर माणसं वाचली असती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. मे महिन्यात जाळीचे दिवे सक्तीचे करण्याचं कलम सभागृहात आलं होतं आणि थोडक्यात पडलं होतं. त्या दिवशी आपला खासदार काय बोलला ते बघावं म्हणून कोणीतरी खंड उघडला आणि वाचणाऱ्याची वाचाच बसली.

ॲम्ब्रोज वेदरिल, बावीस वर्षं खाणकामगारांच्या बाजूनं भांडलेला माणूस, त्या छापील पानावर कलमाच्या विरोधात बोलला होता.

पुढच्या सोमवारी सेप्टिमस गॅरड लंडनमधल्या वेदरिलच्या दिवाणखान्यात शिरला. गॅरडनं एकतीस वर्षं सभागृहाच्या गॅलरीत बसून लघुलेखन केलं होतं. उजव्या हाताची बोटं आखडली तेव्हा त्यानं ते काम सोडलं. तेव्हापासून 'कोण काय म्हणालं' अशा भांडणांत दोन्हीकडचे लोक त्याला बोलवत.

"बसा, बसा," वेदरिल म्हणाला आणि वर्तमानपत्रांची चळत असलेल्या खुर्चीकडे हात केला. त्याची मुलगी विनिफ्रेड लगबगीनं पुढे आली, तिनं चळत उचलली आणि चहाचं सांगायला आत गेली.

"ते पान काढून ठेवलंय. वाचा. मोठ्यानं वाचा."

गॅरडनं वाचलं. वादविवाद छापण्याची जुनी रीत अशी, की सदस्याचं बोलणं तृतीय पुरुषी करून द्यायचं.

"'श्री. वेदरिल म्हणाले की, जुने दिवे पुरेसे आहेत असे त्यांचे मत होते. जाळीच्या दिव्याचा उजेड मंद, त्यामुळे कोळसा कमी निघतो. आमच्या खाणींत वायू आहे हे त्यांना ठाऊक होते, परंतु वायूपेक्षा आळसाने अधिक नुकसान होते. माणसे सावध राहतील तर दिवा कोणताही चालेल.' आणि शेवटी, 'गोंगाटामुळे पुढील भाषण ऐकू आले नाही.'"

"मी असं कधीच म्हणालो नाही," वेदरिल सावकाश म्हणाला. "माझं तसं मत कधीच नव्हतं. शनिवारी विन्सडेलला सभा आहे. ते माझा राजीनामा मागणार आहेत. राजीनाम्याचं मला काही नाही हो. पण त्या एकोणीस घरांतल्या बायका समजतात की मीच त्यांच्या माणसांना मारलं."

गॅरड पानाकडे बघत राहिला. वेदरिलच्या नावाआधी एक बारीक तारा छापलेला होता. त्या ताऱ्याचा अर्थ त्याला तीस वर्षांपासून ठाऊक होता. ज्या भाषणाचं प्रूफ सदस्यानं स्वतः तपासून, सही करून परत पाठवलं, त्याच भाषणाला तारा मिळे.

२

आठ मेच्या संध्याकाळी, वेदरिल बोलला तेव्हा, ल्यूक फेनर गॅलरीत लघुलेखन करत होता. संसद बंद असली की असल्या वार्ताहरांना पोटापाण्यासाठी काहीही लिहावं लागे. गॅरडनं त्याला गाठलं ते कोंबड्यांच्या प्रदर्शनात.

"म्हणाला म्हणजे काय, या कानांनी ऐकलं की मी," फेनर म्हणाला. "शब्द न् शब्द. दिवे पुरेसे आहेत, माणसं आळशी आहेत. मलाही नवल वाटलं. त्याआधी काय प्रस्तावना केली ते मात्र आता आठवत नाही, हात लिहितो तेव्हा डोकं दुसरीकडेच असतं."

"खात्री आहे?"

"गॅरडकाका, तुम्हीच शिकवलंत मला. तुमच्या हाताखालच्या माणसावर एवढाही विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणून तर गोंधळलोय. तो म्हणतो म्हणालो नाही. आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही."

फेनरनं खांदे उडवले. "म्हातारपण आहे. त्या दिवशी हातात कागद धरून वाचत होता, तर कागद उलटा. वरून आम्हाला स्पष्ट दिसत होतं. छापील शिरोनामा खाली आणि सही वर. आम्ही हसलोसुद्धा. पण बोलला घडाघडा, कुठे अडखळला नाही."

"आणि नंतर?"

"नंतर माझी पंधरा मिनिटं संपली. पुढचा लघुलेखक आला तेव्हा जेवणाची वेळ झालेली. सगळे उठले, दारं आपटायला लागली. त्याला काही ऐकू आलं नाही."

फेनरची त्या दिवसाची वही मात्र शाबूत होती. घरी आणून गॅरडनं ती खिडकीशी धरली. लघुलेखनात स्वर गाळतात, राहतात ते व्यंजनांचे फराटे. वादग्रस्त मजकुराच्या अगदी आधी एक घाईत लिहिलेली ओळ होती. तिथे शाई फिसकटली होती, पण एक शब्द लागत होता. स, क, र, ट, आणि पुढे एक डाग. त्यानंतर 'लिहितात'.

सेक्रेटरी लिहितात.

छापील पानावर ही ओळ नव्हती.

३

वेदरिलचा सेक्रेटरी एव्हरार्ड डेस एप्रिलमध्ये भांडून नोकरी सोडून गेला होता आणि आता, योगायोग म्हणा की आणखी काही, खाणमालकांच्या संघाच्या कचेरीत बसत होता. गॅरडला वाटलं, चोर सापडला. सेक्रेटरीनं काहीतरी लिहून दिलं, म्हाताऱ्यानं ते न बघता वाचलं, आणि सेक्रेटरीला त्याचं बक्षीस मिळालं.

डेसनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक कागद काढून समोर टाकला. वीस एप्रिलचं, वेदरिलच्या सहीचं नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र. सही ओळ सोडून खाली घसरली होती.

"भाषण आठ मेचं. अठरा दिवसांत मी त्या घराच्या पायरीवर पाऊल टाकलेलं नाही. मोलकरणीला विचारा, ती मला बघून दार लावून घेईल."

"मग भांडण कशावरून झालं?"

"भांडण?" डेस कडवट हसला. "मी सेक्रेटरी म्हणून लागलो होतो साहेब, घसा बसेस्तोवर वाचन करायला नव्हे. पत्रं वाच, अहवाल वाच, वर्तमानपत्रं वाच. एकदा म्हटलं, तुमचं तुम्ही वाचा, तर म्हातारा असा खवळला की विचारू नका. ही मोठ्या लोकांची मिजास."

"आणि लगेच मालकांकडे आलात."

"पोट मालकांना आणि मजुरांना सारखंच असतं. मला नावं ठेवायची तर ठेवा. पण ते भाषण माझ्या गळ्यात मारू नका. कलमाच्या बाजूची सगळी आकडेवारी मीच जमवली होती. फेब्रुवारीभर. ती त्यानं वापरली असती तर कलम पास झालं असतं."

त्याचे डोळे चिडलेले होते, पण चोराचे नव्हते. गॅरड बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात भुसा भरल्यासारखं झालं होतं. वेदरिल म्हणतो बोललो नाही. फेनर म्हणतो ऐकलं. तारा म्हणतो वेदरिलनं ते वाचून मान्य केलं. आणि सेक्रेटरी लिहितात म्हणावं तर सेक्रेटरी तिथे नव्हताच.

४

"माझ्या हाताखालून 'मी' सुटत नाही," छापखान्याचा मुख्य मुद्रितशोधक ओबादाया क्रम्प छाती पुढे काढून म्हणाला. "सदस्य म्हणतो 'मी', मी करतो 'ते'. 'माझे'चं 'त्यांचे', 'आम्ही'चं 'ते सर्व'. सतरा वर्षं करतोय. झोपेतही माझ्या बायकोला 'त्या' म्हणतो."

"मग हे काय?" गॅरडनं पानावर बोट ठेवलं. "'आमच्या खाणींत वायू आहे.' हे 'आमच्या' कसं राहिलं?"

क्रम्पनं चष्मा पुसला, पान वाचलं, पुन्हा चष्मा पुसला. त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"आणि वेदरिलसाहेबांच्या मालकीची खाण नाही," गॅरड म्हणाला. "त्यांचे वडील लोकरीचे व्यापारी. 'आमच्या खाणी' हे ते कधीच म्हणणार नाहीत. त्या भाषणाचं प्रूफ आहे का?"

"एक वर्ष ठेवतो आम्ही." क्रम्प आत गेला. पेट्या ओढण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शेवटी तो एक लांबट कागद घेऊन आला आणि त्यानं तो टेबलावर ठेवला.

कागदावर दोन रंग होते. परिच्छेदाचं पहिलं वाक्य काळ्या शाईनं खोडलेलं होतं, इतकं दाट की एक अक्षर दिसू नये. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. तळाशी वेदरिलची सही, घसरलेली. आणि उरलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं होती. ती निळ्या पेन्सिलीनं काढून टाकली होती.

"निळी पेन्सिल कोणाची?"

"आमची." क्रम्पनं चष्मा काढून ठेवला. "माझीच म्हणा. पहिलं वाक्य गेल्यावर ही चिन्हं लोंबकळत राहिली होती. कोणाचं अवतरण, काही पत्ता नाही. मला वाटलं, खिळे जुळवणाऱ्याची चूक. म्हणून चिन्हं काढली आणि मजकूर नेहमीसारखा फिरवला. अवतरणात 'आमच्या' होतं. ते एक सुटलं."

गॅरड खाली बसला. म्हणजे वेदरिल बोललाही होता आणि बोलला नव्हताही. शब्द त्याच्या तोंडचे होते, पण विचार दुसऱ्याचे. तो कुणाचं तरी पत्र वाचून दाखवत होता, पुढे त्याची चिरफाड करण्यासाठी. चिरफाड दारांच्या आवाजात बुडाली, आणि पत्र कोणाचं हे सांगणारं वाक्य काळ्या शाईखाली गेलं.

पण मग वेदरिलनं हे गॅरडला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?

५

गुरुवारी तो वेदरिलकडे गेला तेव्हा म्हातारा अभ्यासिकेत एकटाच बसला होता. त्यानं गॅरडला स्वतः चहा ओतून दिला. ओतताना डाव्या हाताचं बोट पेल्याच्या आत टेकवलेलं होतं आणि चहा बोटाला लागताच त्यानं किटली उचलली.

गॅरड ते बघत राहिला. उलटा धरलेला कागद. घसा बसेस्तोवर वाचन. घसरलेली सही. वर्तमानपत्रांनी भरलेल्या खुर्चीवर बसायला सांगणं.

"किती दिसतं तुम्हाला?" त्यानं हळूच विचारलं.

वेदरिलनं चेहरा उजेडाकडे वळवला. "खिडकी कुठे आहे ते कळतं," तो म्हणाला. "माणूस उभा असला तर सावली दिसते. दोन वर्षं झाली. सभागृहात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी माणूस शोधायला लागले असते. ते कलम व्हायच्या आत मला जायचं नव्हतं."

"मग पत्र पाठ केलंत."

वेदरिलनं पेला खाली ठेवला. त्याला बशी सापडायला वेळ लागला. "तुम्हाला पत्राचंही कळलं."

"पत्र होतं हे कळलं. कोणाचं ते नाही. तुम्ही का सांगितलं नाहीत?"

"खाजगी पत्र होतं. सभ्य माणसं दुसऱ्याचं खाजगी पत्र भर सभागृहात वाचत नाहीत. मी रागाच्या भरात वाचलं. त्याहून जास्त मला विचारू नका."

"शनिवारी सभा आहे, साहेब."

"ठाऊक आहे."

ज्या माणसानं गॅरडला सत्य शोधायला बोलावलं, तोच आता सत्यावर पाय ठेवून उभा होता. प्रूफ वेदरिलला वाचता येत नव्हतं. डेस गेलेला. घरात वाचून दाखवणारी उरली होती एकटी विनिफ्रेड. मग सरळ रेघांनी वाक्य खोडणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतच नव्हता. उरला होता तो फक्त कारणाचा प्रश्न.

टोपी घेण्यासाठी तो दिवाणखान्यात आला. शेकोटीवरच्या फळीवर आरशाच्या चौकटीत एक कार्ड खोचलेलं होतं. सुरेख छापलेलं. 'ह्यू ॲस्करटन. कोल्डहेश हॉल.'

गॅरडनं खिशातली वही काढली. स, क, र, ट आणि डाग. डागाच्या कडेला आत वळलेला एक आकडा दिसत होता, मघापर्यंत त्याला तो शाईचा ओघळ वाटला होता. शेवटी 'र' असेल तर फराटा सरळ जातो. आकडा आत वळला की तो 'न' असतो.

सेक्रेटरी नव्हे. ॲस्करटन लिहितात.

आणि कोल्डहेशमध्येच एकोणीस माणसं मेली होती.

६

"ह्यू कोल्डहेशच्या मालकांचा मुलगा," विनिफ्रेड म्हणाली. तिनं नाकारायचा प्रयत्नही केला नाही. "एप्रिलमध्ये आमचं ठरलं. पत्र त्याच्या वडिलांनी बाबांना लिहिलं होतं, होणारे व्याही म्हणून, मोकळेपणानं. मीच बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मला काय माहीत ते पाठ करतायत म्हणून."

"मग प्रूफ आलं."

"मी नेहमी वाचून दाखवते, चुका दुरुस्त करते, ते सही करतात. तेही सगळं वाचलं, नावासकट. त्यांनी सही केली. नंतर बाबांचा डोळा लागला असं मला वाटलं." ती आपल्या हातांकडे बघत होती. "माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं नाव कायमचं छापलं जाणार होतं. मी एक वाक्य खोडलं. एकच. अवतरणचिन्हं होती ना. कोणीही वाचलं तर कळेल की हे दुसऱ्याचं बोलणं आहे, असं वाटलं मला."

"छापखान्यात ती काढली."

"हो. पण ते मला विन्सडेलचं पत्र आल्यावर कळलं. तोपर्यंत खाण पेटून गेली होती." ती थांबली. "गॅरडसाहेब, चौकशीत ॲस्करटनसाहेबांनी शपथेवर सांगितलं की खाणीत वायू आहे याची त्यांना कल्पना नव्हती. कोणी इशाराच दिला नाही म्हणाले. चौकशी अपघात म्हणून बंद झाली. विधवांना काही मिळणार नाही."

गॅरडला छापील पानावरची ओळ आठवली. 'आमच्या खाणींत वायू आहे.'

"पत्र कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"ह्यूला ठाऊक आहे?"

"तो म्हणतो जाळून टाक. तीन वेळा म्हणाला. पहिल्यांदा प्रेमानं म्हणाला."

गॅरड म्हातारा माणूस होता. आयुष्यभर त्यानं इतरांचे शब्द लिहून घेतले होते, कुणाला सल्ला द्यायची सवय त्याला नव्हती. तो एवढंच म्हणाला, "उद्या दुपारी विन्सडेलची गाडी आहे. मी तीन तिकिटं काढतो. तुम्ही आला नाहीत तर एक वाया जाईल, इतकंच."

७

सभा कामगारांच्या प्रार्थनागृहात होती. बाकांवर जागा नव्हती, माणसं भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या दोन रांगांत काळे कपडे घातलेल्या बायका बसल्या होत्या. वेदरिल आत आला तेव्हा कोणी उठलं नाही. एक जण मागून म्हणाला, "दिवा द्या रे साहेबांना, कसलाही चालतो त्यांना." हसलं कोणीच नाही.

वेदरिल बोलायला उभा राहिला. आपल्याला दिसत नाही, हे दोन वर्षं लपवलं, हे त्यानं आधी सांगितलं. मग म्हणाला, "आठ मेला मी एक पत्र वाचत होतो. ते माझं नव्हतं. कोणाचं होतं ते मी सांगू शकत नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

कुजबुज वाढली. अध्यक्षानं टेबलावर हात आपटला. आणि तेवढ्यात, गॅरडच्या शेजारची जागा रिकामी झाली. विनिफ्रेड पुढे चालत गेली होती.

तिनं पत्र उघडलं आणि वाचलं. वरचा पत्ता, तारीख, मजकूर, खालची सही. 'जॉसलिन ॲस्करटन' हे नाव वाचताना तिचा आवाज फाटला, पण नाव पूर्ण ऐकू आलं. मग ती म्हणाली, "हे नाव मी खोडलं होतं. बाबांना ठाऊक नव्हतं. दोष माझा आहे."

इतकी शांतता झाली की कोणाचं तरी बाळ अंगठा चोखत होतं ते ऐकू येत होतं. पुढच्या रांगेतली हॅना टर्नबुल, नवरा आणि थोरला मुलगा एकाच सकाळी गमावलेली बाई, जागेवरूनच म्हणाली, "पुन्हा वाच, पोरी. सावकाश वाच."

विनिफ्रेडनं पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर हॅनानं शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं आणि बाकावर हात ठेवला. विनिफ्रेड तिथे जाऊन बसली.

डिसेंबरात चौकशी पुन्हा उघडली आणि पत्र पुरावा म्हणून दाखल झालं. ॲस्करटननं खटला उभा राहण्याआधीच एकोणीस घरांना आयुष्यभराचं वेतन मान्य केलं. ह्यूनं अंगठी परत मागवली नाही, तिनं ती टपालानं पाठवली. खंडाचं पान आहे तसंच राहिलं. छापलेलं बदलत नाहीत.

पण त्या रात्री, सभेनंतर, स्टेशनच्या विश्रांतीगृहात गॅरड आणि वेदरिल दोघेच बसले होते. विनिफ्रेड हॅनाच्या घरी थांबली होती. गॅरडला सगळं उलगडलं होतं, तरी एक गोष्ट त्याला काही केल्या कळत नव्हती.

"साहेब, तुमच्या नावाचा तारा छापला गेला. प्रूफावर तुमची सही होती. ते प्रूफ तुमच्या घरात एकाच माणसाच्या हातात जाऊ शकत होतं. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार."

वेदरिल काठीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता.

"सही करून झाल्यावर ती कागद घेऊन टेबलाशी गेली," तो म्हणाला. "बराच वेळ टाक कागदावर एकाच जागी फिरत होता. आंधळ्याला असले आवाज फार ऐकू येतात."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"मला विचारता येईना," वेदरिल म्हणाला. "मी तिचा बाप आहे. कोणीतरी परक्यानं विचारावं असं वाटलं."

गॅरडनं त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं सत्य कळावं म्हणून आपल्याला बोलावलं, की आपल्यालाही ते सापडू नये अशी आशा धरून, हे त्याला त्या चेहऱ्यावरून वाचता येईना. गाडी आली तशी त्यानं वेदरिलचा हात धरला आणि पायरी किती उंच आहे ते सांगितलं.